घोटा मुरगळल्यानंतर: दुखऱ्या पायासाठी हळुवार योगाभ्यास

पावसाळा लागला की घोटे मुरगळायचे दिवस येतात. गड उतरताना घसाऱ्यावरून पाऊल सटकतं, सोसायटीच्या ओल्या जिन्यावरची शेवटची पायरी चुकते, गर्दीत लोकलमधून उतरताना फलाटावर पाय वाकडा पडतो. तळवा आतल्या बाजूला वळतो, सगळा भार करंगळीच्या कडेवर येतो आणि बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे, जरा खाली झणझणीत कळ जाते. बघता बघता तिथे लिंबाएवढी सूज येते. मग आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आठवडा-दोन आठवडे लंगडणं. दुखायचं थांबतं, माणूस कामाला लागतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

असं का होतं हे कळलं की पुढचा सगळा अभ्यास कळतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात. पाय मुरगळतो तेव्हा ते ताणले जातात, कधी अर्धवट तर कधी पूर्ण फाटतात. पण त्याच अस्थिबंधांत आणि आजूबाजूच्या स्नायूंत पाऊल कसं टेकलंय, किती कललंय याची खबर मेंदूला देणाऱ्या मज्जातंतूंची टोकंही असतात. दुखापतीनंतर ही खबर उशिरा आणि अर्धवट जाते. सूज उतरली, कळ थांबली, तरी ही जाण आपोआप पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून खड्ड्यात पाऊल पडल्यावर घोटा सावरायला जे स्नायू क्षणात आवळायला हवेत, ते उशिरा आवळतात.

संथपणे, लक्ष देऊन केलेला योगाभ्यास नेमका इथे उपयोगी पडतो. फाटलेला अस्थिबंध आसनांनी शिवला जात नाही, तो शरीर स्वतःच्या गतीने सांधतं. आपण दोनच गोष्टी करू शकतो: सांधण्याच्या कामात अडथळा आणायचा नाही, आणि पावलाची गेलेली जाण पायाला पुन्हा शिकवायची. खाली दिलेला क्रम नवख्यांसाठी आहे. आधी कधी आसनं केली नसतील तरी चालेल. घरात एक भिंत, एक न हलणारी खुर्ची, दोन गोधड्या किंवा जाड चादरी, एक लोड आणि एक पंचा किंवा सुती ओढणी एवढं असलं की झालं.

आधी हाड मोडलेलं नाही ना, ते बघा

हे पाऊल गाळून पुढे जाऊ नका. मोडलेला घोटा आणि मुरगळलेला घोटा वरून सारखेच दिसू शकतात. एक्स-रे कधी काढायचा हे ठरवण्यासाठी डॉक्टर जे नियम वापरतात, ते १९९२ साली कॅनडातल्या ओटावा इथे तयार झाले आणि आज जगभर वापरले जातात. घरच्या माणसाला समजेल असा त्यांचा अर्थ असा: पडल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, मग ती लंगडत का होईना, तर एक्स-रे काढा. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबल्यावर हाडातच दुखत असेल, तर काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल, तरीही काढा. आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे, कमानीच्या वर दाबून दुखलं तरी तेच.

लहान मुलं, वयस्कर माणसं, हाडं ठिसूळ झालेले आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले लोक यांनी या घरगुती परीक्षेवर विसंबू नये, सरळ डॉक्टरांकडे जावं. पाय बधिर वाटत असेल, बोटं गार किंवा निळसर पडत असतील, घोटा आकारातच वेडावाकडा दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाचेच्या मागे काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि त्यानंतर चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर तो घोटा मुरगळलेला नाही, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटलेली असू शकते. तिथे हा लेख कामाचा नाही.

दुखणं घोट्याच्या खाली न होता वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल, तर अस्थिबंध वरच्या बाजूचा दुखावलेला असतो. तो भरायला जास्त वेळ घेतो. खालचा क्रम त्यालाही लागू पडतो, पण प्रत्येक टप्पा डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून.

पहिले तीन-चार दिवस: चोळू नका

आपल्याकडे लचक भरली की तेल लावून चोळण्याची, नाहीतर हाडवैद्याकडून 'बसवून' घेण्याची पद्धत आहे. ताज्या दुखापतीत हे टाळा, असं मी अगदी हात जोडून सांगेन. आत रक्तस्राव होऊन नुकता थांबत असतो. जोरात चोळल्याने तो वाढतो, सूज वाढते, आणि एखादं हाड तडकलेलं असेल तर ते सरकू शकतं. आंबेहळदीचा लेप हलक्या हाताने लावायला हरकत नाही, फक्त त्वचेला जखम किंवा खरचटलेलं नसावं. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. बर्फाने दुखणं कमी होतं, त्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. क्रेप बँडेज बोटांकडून वर पोटरीकडे गुंडाळा. बोटांना मुंग्या आल्या तर ते घट्ट झालंय, सोडून पुन्हा बांधा.

या दिवसांतला योगाभ्यास जमिनीवर पडून करायचा आहे. पाठीवर झोपा. दुखरा पाय पोटरीपासून टाचेपर्यंत लोडावर आणि त्यावर घडी केलेल्या गोधडीवर असा ठेवा की घोटा छातीपेक्षा उंच राहील. टाच गोधडीच्या कडेबाहेर लोंबकळत ठेवू नका, तिलाही आधार हवा. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून तळवा जमिनीवर. मानेखाली पातळ उशी. दिवसातून तीन-चार वेळा, वीसेक मिनिटं.

नुसतं पडून राहण्याऐवजी या वेळेत श्वासाकडे बघा. दुखापत झालेला माणूस श्वास अर्धवट घेतो, जबडा आवळतो, दुसऱ्या पायाची मांडीही घट्ट धरून ठेवतो. हे त्याला ठाऊकही नसतं. कपाळ, जबडा, जीभ, खांदे, पोट, दोन्ही मांड्या, या क्रमाने एकेक ठिकाणी लक्ष न्या आणि प्रत्येक ठिकाणी एक लांब उच्छ्वास सोडा. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब ठेवा, मोजत बसू नका. रात्री ठणका लागून झोप मोडत असेल तर झोपण्याआधी पाच-सहा वेळा भ्रामरी करा. लांब, हलका गुंजारव केला की उच्छ्वास आपोआप लांबतो.

पडल्या पडल्या बोटं हलवत राहा. बोटं पसरा, मिटा, पोटरी हलकेच आवळा, सोडा. यामुळे पायात रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. पोटरी एकाएकी टणक, गरम होऊन दुखू लागली, तर ते घोट्याचं दुखणं समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच इस्पितळात जा.

किती दुखलं तर थांबायचं

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न येणार आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. अजिबात दुखणार नाही असा अभ्यास नसतो, आणि दात-ओठ खाऊन केलेला अभ्यास बरा करत नाही. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. तीनपर्यंतची ओढ, ताण, हलकी कळ चालेल. त्यापुढे गेलं तर हालचाल छोटी करा. टोचल्यासारखी, धारदार कळ आली तर त्या दिवशी ते आसन नको.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. अंथरुणातून उठून टाकलेली पहिली दहा पावलं बघा. कालच्यापेक्षा घोटा जास्त सुजलेला, जास्त ताठर असेल तर काल जास्त झालं. अभ्यास बंद करायचा नाही, अर्धा करायचा. कालच्याइतकाच किंवा कमी ताठर असेल तर आज तेवढाच करा, आणि अशा दोन-तीन सकाळी गेल्या की पुढचा टप्पा.

पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे, 'स्थिरसुखमासनम्'. दुखऱ्या पायाने आसन करताना ही व्याख्या अगदी व्यवहाराची ठरते. श्वास अडकला, भुवया आक्रसल्या, बोटांनी सतरंजी पकडली, की सुख गेलं. पाय थरथरून भलतीकडेच कलायला लागला की स्थिरता गेली. दोन्हीपैकी एक गेलं तरी जरा मागे या.

झोपून आणि बसून

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, कळ ओसरू लागली की हालचाल सुरू करायची. घोटा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला तर तो आखडतो आणि पोटरी बारीक होते. साध्या मुरगळीत लवकर सुरू केलेली हलकी हालचालच बरी. अस्थिबंध पूर्ण फाटला असेल तर डॉक्टर काही दिवस प्लास्टर किंवा बूट देतात, मग ते निघाल्यावर इथून सुरुवात करा.

लोडावर पोटरी टेकवून बसा, टाच मोकळी ठेवा. पाऊल स्वतःकडे आणा, मग लांब न्या, अगदी सावकाश. दहा-बारा वेळा झालं की पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा. क, ख, ग, घ करत पूर्ण मुळाक्षरं. 'झ' आणि 'क्ष' काढताना पाऊल ज्या दिशांना वळतं त्या दिशा गोल फिरवण्यात येतच नाहीत. पहिल्या दिवशी अक्षरं बारीक आणि अडखळत येतील. कुठल्या अक्षराला पाय कचरतो ते लक्षात ठेवा, दर दोन दिवसांनी तेच अक्षर काढून बघा. हुक्की आली तरी डोळे मिटून करू नका, सुरुवातीला पावलाकडे बघतच करा. डोळ्यांनी दिसणारी आणि आतून जाणवणारी हालचाल जुळायला हवी.

मग दंडासन. भिंतीला पाठ टेकून, दोन्ही पाय समोर. कंबर मागे गोल होत असेल तर बुडाखाली गोधडीची घडी घ्या. पंचा दुखऱ्या पायाच्या चवड्यामागे घालून दोन्ही हातांनी टोकं धरा आणि पाऊल स्वतःकडे ओढा. ओढताना पंचाची दोन्ही टोकं सारखी ताणलेली हवीत. नवख्यांचं पाऊल इथे हमखास आत वळतं, करंगळीची कड पुढे जाते, म्हणजे मुरगळताना जसं वळलं होतं तसंच. ते टाळायला पंचाचं करंगळीकडचं टोक किंचित जास्त ओढा, अंगठ्याचा सांधा पुढे ढकला. पाच-सहा श्वास थांबा, सोडा. तीनदा.

हेच पाठीवर झोपून, पाय वर उचलून केलं की सुप्त पादांगुष्ठासन. पाय सरळ होत नसेल तर गुडघा वाकलेला चालतो. पट्टा, ठोकळा, खुर्ची, गोधडी असल्या साधनांचा आधार घेऊन दुखऱ्या, म्हाताऱ्या, ताठर शरीरालाही आसन देता येतं हे पुण्यात बी.के.एस. अय्यंगार यांनी दाखवून दिलं. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतून ही पद्धत जगभर गेली. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात त्यांना स्वतःला दुखापत झाली, आणि साठीच्या आसपास त्यांना आपलीच आसनं पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागली. त्यामुळे हातात पंचा धरायची लाज वाटण्याचं काही कारण नाही.

उभं राहणं

इथे घाई करू नका. मुरगळलेल्या घोट्याचं खरं काम या टप्प्यात होतं, आणि बहुतेक लोक नेमका हाच टप्पा गाळतात. उभं राहता आलं, चालता आलं, म्हणजे झालं असं त्यांना वाटतं.

अनवाणी, टणक जमिनीवर, स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर ताडासनात उभे राहा. ओट्याची उंची हाताला बरोबर येते आणि तो सरकत नाही. दोन्ही पावलांत चार बोटांचं अंतर. हाताची बोटं ओट्यावर नुसती टेकवा, भार देऊ नका. आता प्रत्येक पावलाचे तीन बिंदू शोधा: टाचेचा मध्य, अंगठ्यामागचा चवडा, करंगळीमागचा चवडा. चांगल्या पायाचे आधी शोधा, कारण त्याला ते येतात. मग दुखऱ्या पायात तेच तीन बिंदू तसेच सापडतात का बघा. सापडत नाहीत. टाच हलकी वाटते, नाहीतर करंगळीची कड सुन्न वाटते, भार हळूच चांगल्या पायाकडे पळालेला असतो. घरात वजनाचे दोन सारखे काटे मिळाले तर एकेका पायाखाली ठेवून बघा. आपण सरळ उभे आहोत अशी पक्की खात्री असतानाही दोन्ही काट्यांवर आकडे वेगळे दिसतील.

काही सुधारायच्या आधी मिनिटभर नुसतं बघा. घोट्याच्या बाजूने जाणाऱ्या शिरा सारख्या लवलवत असतात, बोटं जमीन पकडायला बघतात, कमान किंचित वर-खाली होते. शरीर कधीच निश्चल उभं नसतं, ते सतत सावरत असतं, आणि त्या सावरण्याचीच आपल्याला तालीम द्यायची आहे. बोटं उचला, पसरा, एकेक करून लांब टेकवा. कमान उचललेली ठेवून तिन्ही बिंदूंवर भार सारखा करा. मग शरीर न वाकवता, घोट्यातून, जेमतेम दोन बोटं पुढे झुका, मागे या, उजवीकडे, डावीकडे. प्रत्येक वेळी भार कुठून कुठे गेला ते मनात बोला: टाच, करंगळी, अंगठा. पाच मिनिटं पुरेत. दिवसातून दोनदा केलं तर फारच छान, सकाळचा चहा उकळेपर्यंत सहज होतं.

हे सोपं झालं की टाचा उचला. दोन्ही पायांवर, ओटा धरून, तीन अंक मोजत वर, तीन मोजत खाली. वर जाताना घोटे बाहेर कलू देऊ नका, भार अंगठ्यामागच्या चवड्यावर ठेवा. घोट्यांच्या मध्ये रबरी चेंडू किंवा घडी केलेला टॉवेल धरला तर घोटे कलतात का ते लगेच कळतं. खाली येणं वर जाण्याइतकंच हळू हवं. दहा-बारा वेळा जमलं, दुसऱ्या सकाळी घोटा कुरकुरला नाही, तर पुढच्या आठवड्यात दोन पायांवर वर जा आणि एका पायावर खाली या.

खुर्चीसमोर अर्धं उत्कटासन याच टप्प्यात बसवा. खुर्चीत बसायला निघाल्यासारखं खाली जायचं, बूड टेकायच्या आधी थांबायचं, टाचा जमिनीवरच, गुडघे पावलाच्या मधल्या बोटांच्या दिशेला.

एका पायावर

सपाट जमिनीवर न लंगडता चालता यायला लागलं की वृक्षासनाकडे वळा. साध्या मुरगळीत हा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो, मध्यम मुरगळीत चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, जास्त असेल तर त्याहून उशिरा. कॅलेंडर बघून ठरवू नका, चालणं बघून ठरवा.

दुखऱ्या पायावर उभे राहा, पाठीमागे एक वीत अंतरावर भिंत, समोर खुर्चीची पाठ. दुसरा पाय आधी नुसता हलका करा: टाच दुखऱ्या पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकलेली, चवडा जमिनीवरच. यात तीस सेकंद शांत श्वास राहिला की तळवा पोटरीला लावा. गुडघ्यावर तळवा कधीच टेकवू नका, एकतर खाली नाहीतर वर मांडीला. हात कमरेवर. नमस्कार डोक्यावर नेण्याची घाई नको, हात वर गेले की भार वर जातो आणि घोट्याचं काम एकदम वाढतं.

घोटा थरथरला तर घाबरू नका, आणि त्याला जोर लावून थांबवूही नका. ती थरथर म्हणजे खबर जातेय आणि उत्तर येतंय. नजर समोर डोळ्यांच्या पातळीवर एका जागी ठेवा आणि लक्ष तळव्यात. तोल गेला तर पाय टेकवा, पुन्हा उचला, टेकवून पुन्हा उचलण्यातच शिकणं होतं. आधी खुर्चीला तळहात, मग दोन बोटं, मग एक बोट, मग हात मोकळा. मोकळ्या हाताने तीस सेकंद सहज जमायला लागले की डोळे मिटून करा, पण बोट पुन्हा खुर्चीवर ठेवून. डोळे मिटल्यावर सगळी जबाबदारी पावलावर येते. सगळ्यात शेवटी घडी केलेल्या गोधडीवर उभे राहा, कारण रस्ता आणि डोंगर ओट्यासमोरच्या फरशीसारखे नसतात.

चांगल्या पायावरही तेवढंच करा.

उकिडवं, वज्रासन, मांडी

आपलं रोजचं जगणं खाली बसण्याचं आहे, म्हणून हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. तिन्ही स्थितींत घोट्यावर वेगवेगळा ताण येतो, म्हणून त्या वेगवेगळ्या वेळी परत येतात.

उकिडवं बसायला, भारतीय पद्धतीच्या संडासात बसायला नडगी पावलावर पुढे झुकावी लागते. ती किती झुकते हे बघायला भिंतीकडे तोंड करून एक पाऊल भिंतीजवळ ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाऊल थोडं थोडं मागे घेत जा, जिथून गुडघा जेमतेम टेकतो तिथलं अंगठा ते भिंत अंतर बोटांनी मोजा. दोन्ही पायांची तुलना करा. दुखरा पाय दोन-तीन बोटं कमी भरत असेल तर हीच परीक्षा रोज दहा वेळा व्यायाम म्हणून करा. मालासनात, म्हणजे उकिडवं, बसताना तोवर टाचांखाली गोधडीची गुंडाळी घ्या आणि हाताने खिडकीचा गज किंवा पलंगाचा पाय धरा.

वज्रासनात पाऊल मागे ताणलं जातं आणि दुखावलेला अस्थिबंध नेमका त्याच दिशेला खेचला जातो. पहिल्या काही आठवड्यांत जेवल्यावर वज्रासनात बसायची सवय बाजूला ठेवा. परत सुरू करताना घोट्यांच्या पुढच्या बाजूखाली गुंडाळलेला टॉवेल आणि बुडाखाली लोड घ्या, म्हणजे घोट्यावर ना पूर्ण ताण येतो, ना पूर्ण भार.

मांडी घालून बसताना बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो, तिथे पंचा घडी करून ठेवा. पद्मासन सगळ्यात शेवटी. त्यात पाऊल आत वळून राहतं, आणि लोक ते हाताने ओढून बसवतात. घोटा पूर्ण बरा होईपर्यंत पद्मासन नकोच, त्यावाचून प्राणायाम अडत नाही.

सूर्यनमस्कारांचं काय, असंही विचारतात. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी घरोघरी पोचवलेला हा व्यायाम मराठी माणसाला जवळचा आहे, त्यामुळे तो सोडवत नाही. वृक्षासन जमेपर्यंत नमस्कार खुर्ची धरून करा: हात खुर्चीच्या बैठकीवर, पाय उड्या न मारता एकेक मागे. बोटं वळवून पावलाच्या पाठीवर येण्याची हालचाल गाळा. झपाट्याने केलेले बारा नमस्कार आणि संथ केलेले दोन यांत घोट्याला दोनच हवेत.

शिक्षक बघताना

एकट्याने जमत नसेल, किंवा ही तिसरी-चौथी वेळ असेल, तर शिक्षकाकडे जा. वर्गात गेल्यावर दुखापत कधी, कशी झाली हे त्यांनी विचारलं नाही, साधनं द्यायला टाळाटाळ केली, किंवा न विचारता पायावर दाब दिला, तर दुसरा वर्ग शोधा. 'एका आठवड्यात बरा करतो' असं म्हणणाऱ्याकडेही जाऊ नका. योग नीट तपासून शिकवण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि शरीरात नेमकं काय घडतं हे प्रयोगशाळेत तपासून बघायला सुरुवात केली. अय्यंगार पद्धतीच्या केंद्रांत दुखापतीसाठी वेगळे वर्ग असतात का याची चौकशी करा, नेहमीच्या वर्गात सरळ शिरण्यापेक्षा ते बरं. आणि योगशिक्षकाला डॉक्टरांचे कागद दाखवा, डॉक्टरांना आपण काय करतोय ते सांगा.

पुन्हा बाहेर पडताना

जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून, हे पहिल्या दिवसापासून पाळा. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालून दुसरी सकाळ ठीक गेली की खडबडीत वाटेवर जा. टेकडीवर, पुण्यातली वेताळ टेकडी असो की गावाकडचा माळ, चढ आधी येऊ दे आणि उतार सर्वांत शेवटी, कारण मुरगळी उतारावर होतात. मुरमाड उतारावर पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठी घ्या. गडावर किंवा मैदानावर परत जाताना घोट्याचा पट्टा बांधा. पुन्हा मुरगळण्याचा धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, आणि पट्टा बांधल्याने पाय आळशी होत नाही. तोल सांभाळण्याचा सराव मात्र चालू ठेवायला हवा. निदान वर्षभर, आठवड्यातून तीन-चार दिवस, दात घासताना एकेका पायावर उभे राहा.

सहा आठवडे झाले तरी रोज सूज येतेय, घोटा मध्येच दगा देतो, आत काहीतरी अडकल्यासारखं कटकट वाजून दुखतं, तर अभ्यास वाढवू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कधीकधी सांध्यातल्या कूर्चेला इजा झालेली असते, ती साध्या एक्स-रेत दिसत नाही आणि एमआरआय करावा लागतो. तपासायला जाताना कुठल्या हालचालीला, किती वेळाने, नेमकं कुठे दुखतं हे कागदावर लिहून न्या.